फॉरमॅट मारण्याआधी

मा. ग्रंथालय संचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

महोदय,



वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातले धनज हे माझे गाव. गावात आणि आसपासच्या खेड्यांत मी संगणक दुरुस्तीची कामे करतो. हे पत्र तक्रारीचे नाही. आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या संगणकावर तीन दिवस काम करताना जे पाहिले ते आपल्या कानावर घालावे आणि एक मागणी करावी, एवढाच हेतू आहे. पत्र खुले ठेवले, कारण राज्यातल्या अनेक वाचनालयांत आज ना उद्या हेच घडणार आहे आणि तेव्हा त्या ग्रंथपालाच्या हाताशी चार ओळी असाव्यात असे मला वाटते.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा फोन आला. त्यांचा जुना संगणक एका संध्याकाळी वीज जाऊन आली तेव्हापासून सुरूच होत नव्हता. समितीने वर्गणी गोळा करून नवा घेतला. विकणाऱ्याने ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर त्यावर टाकून पाहिले, पण तीन वेळा टाकूनही ते चालले नाही. दर वेळी पडद्यावर एकच वाक्य यायचे : डेटाबेस सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. सर्व्हर म्हटल्यावर सगळ्यांना इंटरनेट आठवले. राउटर बदलून झाला, मोबाइलचा नेट जोडून झाला. शेवटी कोणीतरी सल्ला दिला, "कायले डोकं लावता ताई? फॉरमॅट मारा अन् सगळं नव्यानं टाका. जुना डबा एक्स्चेंजमध्ये देऊन द्या." ताई मला म्हणाल्या, "भाऊ, मले पुस्तकच दिसत नाही त वाचकाले काय सांगू?"

साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तके, आठ वर्षांची देवघेव, सभासदांच्या अनामती. हे सगळे ज्या डब्यात होते तो डबा एक्स्चेंजमध्ये जायला दोन दिवस उरले होते.

सर्वांत आधी मी जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून कागदात गुंडाळली आणि कपाटात ठेवायला लावली. मग नव्याकडे वळलो.

इथे थोडे समजावून सांगतो, कारण गोंधळाचे मूळ 'सर्व्हर' या शब्दात आहे. ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर म्हणजे टेबलामागे बसलेला माणूस. वाचक त्याच्याशी बोलतो. पण नोंदी त्याच्याजवळ नसतात. त्या मागच्या खोलीत एका दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असतात आणि हा दर वेळी त्याला हाक मारून विचारतो. तो मागच्या खोलीतला माणूस म्हणजे डेटाबेस सर्व्हर. बहुतेक वाचनालयांत तो त्याच डब्यात, त्याच डिस्कवर असतो. इंटरनेटची तार कापून टाकली तरी त्याचे काही बिघडत नाही. म्हणून 'संपर्क होऊ शकला नाही' या वाक्याचे बहुधा तीन अर्थ असतात : आत माणूसच नाही, माणूस आहे पण हाक चुकीच्या नावाने मारली, किंवा नाव बरोबर आहे पण तो ओळखपत्र मान्य करत नाही. हा क्रम सोडून कोणी आधी तिसऱ्याच्या मागे लागला तर दिवस जातो.

विंडोजमध्ये सेवांची यादी उघडून पाहिली. या वाचनालयाचा डेटाबेस सर्व्हर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. त्याचे नाव यादीत होते, पण त्यापुढे 'सुरू आहे' असे लिहिलेले नव्हते. हाताने सुरू केले तरी क्षणात थांबायचे. म्हणजे पहिला अर्थ. बिचाऱ्या टेबलावरच्या सॉफ्टवेअरला तीन वेळा काढून घालण्यात काहीच हशील नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहितो आहे ती सांगतो. हा सर्व्हर मुका नाही. इन्स्टॉलेशन फसले की तो स्वतः लिहून ठेवतो की काय फसले. सेटअपच्या लॉगच्या फोल्डरात समरी नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. त्यात वाक्य होते : 'वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड', आणि पुढे, कारणासाठी एरर लॉग पाहा. एरर लॉग दुसऱ्या फोल्डरात. तो उघडला, तर त्यात 'मिसअलाइन्ड लॉग आयओज' असे शब्द असलेली ओळ होती आणि तिच्यात २५६ हा आकडा. तीन वेळा हा संगणक हाताळला गेला होता. उत्तर तिन्ही वेळा डिस्कवर लिहिलेले होते. ते कोणी उघडून वाचले नव्हते.

त्या ओळीचा अर्थ जुन्या पेढीवरच्या माणसाला चटकन कळेल. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा, खतावणी नंतर. वीज गेली, दिवा विझला, खतावणी अर्धी राहिली, तरी कीर्द शाबूत असेल तर हिशेब पुन्हा उभा राहतो. डेटाबेस सर्व्हर अगदी हेच करतो. पुस्तक दिले-घेतले की आधी त्याच्या लॉगमध्ये म्हणजे कीर्दीत नोंद, मग मुख्य फाइलमध्ये. आमच्याकडे दिवसातून कितीदा वीज जाते हे सांगायला नको. तरीही आठ वर्षे त्या वाचनालयाची देवघेव टिकली ती या कीर्दीमुळे.

पण कीर्दीत लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी लागते : कागदावरची एक ओळ किती रुंद आहे. ओळ लिहिली तर पूर्ण लिहिली जावी, नाहीतर अजिबात लिहिली जाऊ नये. डिस्कच्या भाषेत या ओळीला सेक्टर म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ किंवा ४,०९६ बाइटची ओळ चालते. विंडोज १० पर्यंत गाडी सुरळीत होती. विंडोज ११ मध्ये मात्र एनव्हीएमई प्रकारच्या नव्या डिस्क स्वतःची जी खरी रुंदी सांगतात तीच पुढे पोचवली जाऊ लागली. काही डिस्क ८,१९२ किंवा १६,३८४ सांगतात. सर्व्हरच्या वहीत तेवढ्या रुंद ओळीची तरतूद नाही. कीर्द नीट लिहिता येईल याची खात्री नसताना तो पेढी उघडत नाही. ताईंचा नवा संगणक विंडोज ११ चा आणि डिस्क अशीच होती. एफएसयूटिल नावाची विंडोजचीच आज्ञा चालवली आणि १६,३८४ हा आकडा समोर आला.

यात विकणाऱ्याचा दोष नाही, डिस्क खराब नाही, सॉफ्टवेअरही नाही. ही अडचण मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून प्रसिद्ध केलेली आहे आणि उपायही सांगितलेला आहे : विंडोजच्या रजिस्ट्रीत डिस्कच्या ड्रायव्हरखाली 'फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइझ इन बाइट्स' ही नोंद करायची, म्हणजे विंडोज पुन्हा ४,०९६ सांगू लागते. संगणक बंद करून सुरू करायचा. अर्धवट बसलेला सर्व्हर पूर्ण काढायचा आणि पुन्हा बसवायचा. एवढे केल्यावर तो चौथ्या वेळी पहिल्याच फटक्यात बसला. फॉरमॅट मारला असता तर? तीच डिस्क, तेच विंडोज, तीच ओळ. चौथ्यांदाही तेच झाले असते आणि दरम्यान जुना डबा निघून गेला असता.

पुढचे दोन अर्थ लवकर उरकले. सॉफ्टवेअर जुन्या संगणकाच्या नावाने हाक मारत होते. नव्या संगणकाचे नाव वेगळे. सेटिंगमध्ये ते बदलले. मग १८४५६ क्रमांकाची चूक आली, म्हणजे ओळखपत्र नाकारले. पडद्यावर एवढेच दिसते, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच चुकीपुढे स्टेट म्हणून आणखी एक आकडा असतो आणि खरी गोम त्यात असते : ५ असेल तर त्या नावाचा कोणी नाहीच, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोजच्या ओळखीवर आत घेतो, स्वतःच्या पासवर्डवर नाही. आमचा ५८ होता. बसवताना दोन्ही ओळखी चालवणारा मिक्स्ड मोड निवडायचा राहून गेला होता. तो नंतरही बदलता येतो. पासवर्ड मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. आठ वर्षांपूर्वी ज्याने तो ठेवला तो माणूस आता कुठे आहे हे समितीतल्या कोणाला सांगता आले नाही. कुठल्या वहीत लिहिलेला नव्हता. नव्या सर्व्हरला नवा ठेवला आणि ताईंना तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, कपाटाच्या किल्लीसोबत ठेवायला सांगितले.

मग जुनी डिस्क बाहेर काढली.

इथे हात थरथरतो, महोदय. नवीन आवृत्तीच्या सर्व्हरने जुनी डेटाबेस फाइल एकदा उघडली की ती कायमची नव्या आवृत्तीची होते. जुन्याकडे परतीचा रस्ता नाही. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही, नक्कल करायची आणि नकलेवर काम करायचे. मी घरच्या जुन्या विंडोज ७ च्या संगणकावर वाचनालयात होती तीच आवृत्ती बसवली, नक्कल तिला जोडली. आधी 'परवानगी नाही' अशी चूक आली. दुसऱ्या संगणकावरून आलेल्या फाइलवर जुन्या घराचे कुलूप असते, ते काढले. मग सर्व्हरने कीर्द वाचली, वीज गेली तेव्हा अर्धी राहिलेली खतावणी पूर्ण केली आणि डेटाबेस उघडला. त्याचा रीतसर बॅकअप घेतला आणि तो नव्या संगणकावर पुन्हा उभा केला. ताईंनी पहिल्यांदा शोधले ते स्वतःच दिलेले शेवटचे पुस्तक. नोंद होती.

पण सगळे परत आले नाही. काही शे पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे होती. हे या बिघाडाने झालेले नव्हते. बरीच वर्षे तसेच होते, कोणाच्या लक्षात आले नव्हते. मराठीचा प्रश्न इथे येतो. डेटाबेसमध्ये मजकुराचे रकाने दोन जातींचे असतात. एका जातीत कुठलीही लिपी मावते. दुसरीत फक्त ठरलेली अक्षरे, आणि बसवताना काही न बदलता पुढे पुढे दाबत गेले तर ती ठरलेली अक्षरे बहुधा रोमन असतात. त्या रकान्यात देवनागरी टाकली तर सर्व्हर चूक दाखवत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी गुपचूप एक प्रश्नचिन्ह ठेवतो. मूळ अक्षर त्या क्षणी नाहीसे होते, मग जगातला कोणताही जाणकार ते परत आणू शकत नाही. कधीतरी एका यादीतून घाऊक नोंदी भरल्या गेल्या असतील तेव्हा हे झाले असावे. दुसरीकडे काही नावे रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसत होती. ती मात्र वाचली, कारण ती जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती आणि युनिकोडमध्ये रूपांतर करता आली.

आणखी एक बारीक गोष्ट. 'वाऱ्यावरची वरात' हे नाव टंकताना ऱ्या दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना एकच दिसतो, पण आत साठणारी अक्षरे वेगळी. एका तऱ्हेने नोंदवले आणि दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर पुस्तक कपाटात असूनही 'सापडले नाही' असे उत्तर येऊ शकते. पु. ल. देशपांडे यांचे नाटक मागणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. मराठी ग्रंथालयांसाठीच्या कोणत्याही सूचनापत्रात ही गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी.

प्रश्नचिन्हांची नावे कुठून आणली? दाखलनोंद वहीतून. ताईंच्या आधीच्या ग्रंथपालांनी निळ्या शाईत, वळणदार अक्षरात एकेक पुस्तक क्रमांकाने लिहून ठेवले होते. संगणक आल्यावर वही बंद करा असे काहींनी सुचवले होते, त्यांनी ऐकले नाही. डेटाबेसमध्ये दाखल क्रमांक शाबूत होते. वहीत त्या क्रमांकापुढे नाव होते. ताई वाचत गेल्या, कॉलेजात जाणारी दोन मुले टंकत गेली. दीड दिवस लागला.

त्या वहीसमोर बसलो असताना मला आमच्याच तालुक्यातली एक जुनी गोष्ट आठवत होती. कारंज्याच्या जैन भांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते आहेत. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली नागपुरातून प्रसिद्ध केली. तिच्यात कारंज्याच्या पोथ्याही नोंदवलेल्या आहेत. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३१ मध्ये, पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य प. ल. वैद्य यांच्या संपादनाने कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आले. पोथ्या त्याआधीही होत्याच. कोणत्या भांडारात काय आहे हे कागदावर आल्यावर अभ्यासकांना कारंज्याची वाट सापडली. पुस्तक असणे आणि ते आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आता आपण गावोगावी एका डेटाबेस फाइलच्या हवाली केली आहे.

हे फक्त खेड्यात होते असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते. वेळ आली तेव्हा एकही कामाचा निघाला नाही. त्यांतला एक तर डेटाबेसची आणि बॅकअपच्या साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने मुकाट्याने फसत आला होता, साठवणीची जागा रिकामी होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका नकलेने त्यांना तारले. त्यांनी सगळे लपवाछपवी न करता प्रसिद्ध केले, म्हणून मी धनजमध्ये बसून ते वाचू शकलो. ग्रंथालयांनीही असे लिहावे. ज्याचे जे बिघडले आणि ज्याने जे सुधारले ते दुसऱ्याला कळावे.

आपल्याकडे तर आणखी एक गैरसमज खोल बसला आहे : बॅकअप आपोआप होत असेल. एसक्यूएल सर्व्हरची जी फुकट एक्स्प्रेस आवृत्ती बहुतेक ठिकाणी असते तिच्यात ठरल्या वेळी काम करणारा एजंट हा भागच नाही. आपण विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये मुद्दाम व्यवस्था केली नाही तर बॅकअप कधीच होत नाही. ताईंच्या संगणकावर आठ वर्षांत एकही झालेला नव्हता. आणि आवृत्त्यांचे वयही कोणी पाहत नाही. एसक्यूएल सर्व्हर २००५ चा आधार १२ एप्रिल २०१६ ला संपला, २००८ चा ९ जुलै २०१९ ला. ते अजून किती कपाटांशेजारी चालू असतील याचा विचार करून काळजी वाटते.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय चौथ्या आवृत्तीपासून क्लाउडवर चालते. तिथे गावातल्या डब्यात सर्व्हर बसवण्याची दगदग नाही. जिथे इंटरनेट भरवशाचे आहे तिथे जरूर तिकडे जावे. कोहासारखे खुले सॉफ्टवेअरही आहे, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाने २००० साली ते वापरात आणले आणि मग जगभर पसरले. पण सर्व्हर कुठेही असो, आपल्या नोंदींची एक नक्कल आपल्या हातात असणे आणि ती उघडते हे पाहिलेले असणे, याला पर्याय नाही.

महोदय, १९६७ च्या कायद्याने या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान यांची चौकट दिली. त्या चौकटीतून दरवर्षी तपासणी होते. तपासणीला येणारे अधिकारी दाखलनोंद वही पाहतात, देवघेव पाहतात, हिशेब पाहतात. त्या तपासणीच्या नमुन्यात संगणकासाठी तीन ओळी घालाव्यात अशी माझी विनंती आहे. डेटाबेसचा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा. तो दुसऱ्या संगणकावर शेवटचा कधी उभा करून पाहिला. आणि सर्व्हरचे नाव, आवृत्ती, पासवर्डचे पाकीट कुठे आहे. बॅकअप उभा करून पाहिलेला नसेल तर तो रकाना रिकामा सोडावा, 'आहे' असे लिहू नये. 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही हे परवडते. एवढ्या पुस्तकांची नक्कल एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते.

आणि संचालनालयाच्या नावाने एक छोटी मराठी पुस्तिका काढावी. दहा-बारा पानांची पुरे. इन्स्टॉलेशन फसले तर आधी कोणती फाइल उघडून वाचायची, कोणत्या आकड्याचा काय अर्थ, बसवताना देवनागरीसाठी काय निवडायचे, जुनी डिस्क कशी जपायची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक सूचना असावी : नोंदींची नक्कल हातात आल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका, जुना संगणक देऊ नका. मजकूर लिहायला माणसे लागली तर मी येईन, मोबदला नको. माझ्यासारखे काम करणारे प्रत्येक तालुक्यात आहेत, विचारले तर तेही येतील.

नोंदी लावायला बसलेली ती दोन मुले आता दर शनिवारी ताईंच्या वाचनालयात बॅकअप घेतात आणि वहीत तारीख घालून सही करतात. त्या वहीसाठी शासनाचा एक छापील नमुना आपण द्यावा.

आपला नम्र,
धनज (ता. कारंजा, जि. वाशिम) येथील एक संगणक दुरुस्ती करणारा वाचक